कार्डावरचे तीन, बाबांचे साडेआठ

प्रश्न : बाबांच्या ट्रंकेत क्रेमलिनचं चित्र असलेलं ‘रेडिओ मॉस्को’चं कार्ड सापडलं. मागे शाईने ‘१४ नोव्हेंबर १९७८, १५.००, २५ मीटर’ असं लिहिलंय. सोबत एक वही आहे, तिच्यात पानोपानी ३४३३३ असे पाच-पाच आकडे. दुपारी तीनला बाबा गिरणीत असायचे. मग हे कार्ड त्यांचंच का? आणि ते आकडे कसले?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कार्ड त्यांचंच आहे. त्यावरची वेळ ग्रिनिचची, म्हणजे जगभरच्या श्रोत्यांसाठी एकच धरलेली असते, आणि ‘२५ मीटर’ हा रेडिओवरचा लहरींचा पट्टा. साडेपाच तास मिळवा, रात्रीचे साडेआठ होतात. पाळी संपवून, जेवून ते रेडिओपाशी बसले असणार. मीही त्याच वेळेला बसायचो, गच्चीवर दोन बांबूंना ताणलेल्या तांब्याच्या तारेची एरियल लावून.

आकड्यांना आम्ही ‘सिन्पो’ म्हणायचो. पहिला आकडा आवाजाच्या जोराचा, दुसरा शेजारच्या स्टेशनाच्या घुसखोरीचा, तिसरा खरखरीचा, चौथा आवाज वर-खाली होण्याचा आणि शेवटचा एकूण ऐकू येण्याचा. प्रत्येकी पाचपैकी गुण; पाच म्हणजे उत्तम. ३४३३३ म्हणजे कान देऊन ऐकलं तर सगळं कळतंय.

दूरदेशी पोचणाऱ्या या शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशात उंचावरच्या आयनांबर नावाच्या थरावर आपटून खाली येतात आणि तो थर दिवसरात्र, ऋतूऋतूला बदलतो. सोलापुरात आवाज कसा पोचला हे मॉस्कोत बसून कळणार कसं? म्हणून श्रोत्यांकडून रिपोर्ट मागवायचे. कार्यक्रमात काय ऐकलं तेही लिहावं लागे, नाहीतर खरंच ऐकलं याचा पुरावा काय? ते पटलं की हे क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच देणारं कार्ड, यायचं. तेव्हा ते फुकटची भेट समजू नका. तुमच्या वडिलांनी केलेल्या कामाची ती पोच आहे.

रेडिओ मॉस्को हे सोव्हिएत सरकारचं स्टेशन. २९ ऑक्टोबर १९२९ला जर्मन भाषेत सुरू झालं, पुढे सत्तरहून अधिक भाषांत गेलं. त्यात मराठीही होती. इंग्रजीतला ‘मॉस्को मेलबॅग’ हा पत्रोत्तरांचा कार्यक्रम जो अ‍ॅडामोव्ह १९५७पासून करत. अमेरिकन वळणाचं इंग्रजी, आणि पत्र लिहिणाऱ्याशी गप्पा माराव्यात तसा सूर. सदर चालवताना मला आजही ते आठवतात.

या कार्डांवर मी जीव लावला, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अफगाणिस्तानातल्या आपल्या फौजेला सोव्हिएत सरकार ‘मर्यादित तुकडी’ म्हणे. मे १९८३मध्ये व्लादिमीर डॅन्चेव या इंग्रजी वृत्तनिवेदकाने बातम्यांत तिला सरळ आक्रमक म्हटलं. त्याला माइकवरून हटवून ताश्कंदच्या मनोरुग्णालयात ठेवलं. आमच्या पत्रांना इतक्या आपुलकीने उत्तरं देणाऱ्या स्टेशनात हे घडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९९३च्या अखेरीस स्टेशनाचं नाव ‘व्हॉइस ऑफ रशिया’ झालं आणि १ एप्रिल २०१४ला त्याची शॉर्टवेव्ह बंद पडली. त्यामुळे आता सुई फिरवून ते सापडणार नाही.

कार्ड आणि वही मात्र वेगळी करू नका. वहीत १४ नोव्हेंबरचं पान काढा, रात्री साडेआठची ओळ शोधा. तिथे २५ मीटर दिसलं, तर कार्ड त्याच पानात ठेवा.