वाचकांचे प्रश्न : स्ट्रॉबेरीचा मुरंबा पातळ का राहतो?

प्रश्न : मी एक किलो स्ट्रॉबेरीला अर्धा किलो साखर घालून मुरंबा केला. फळे अखंड राहावीत म्हणून तो दीड तास मंद आचेवर ठेवला होता. तरीही फळांचा लगदा झाला, लाल रंग जाऊन तपकिरी छटा आली आणि रस मात्र पातळच राहिला. चूक कोठे झाली असावी?

उत्तर : मंद आच ही काळजी वाटते खरी, परंतु या फळाच्या बाबतीत तिनेच घात केला. स्ट्रॉबेरीत सुमारे ९० टक्के पाणी असते आणि रस घट्ट करणारे पेक्टिन मुळातच कमी असते. ते थोडेसे पेक्टिन दीर्घकाळ शिजवल्याने तुटत जाते, आणि लाल रंगद्रव्याचेही तसेच होते. त्यात साखर निम्मीच घातल्यामुळे वेळ आणखी वाढला. मुरंबा जमण्यासाठी त्यात साधारण ६५ टक्के साखर असावी लागते. आपल्या प्रमाणात तेथवर पोहोचण्यासाठी सुमारे ६०० ग्रॅम पाणी आटवावे लागले असते, आणि मंद आचेवर ते दीड तासातही आटत नाही.

पारंपरिक पद्धतीत सावकाशपणा असतो, पण तो चूल पेटवण्याआधी. फळे आधी धुऊन, कोरडी करून मगच देठ काढावेत, कारण देठाच्या खाचेतून पाणी आत शिरते. देठ काढलेल्या एक किलो फळांना ८०० ग्रॅम साखर घ्यावी. फळे लहान व घट्ट असावीत आणि त्यांत काही किंचित कच्ची असली तर उत्तमच, कारण कच्च्या फळात पेक्टिन अधिक असते. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात फळे आणि साखर यांचे थर देऊन, झाकून, रात्रभर ठेवावे. सकाळी फळे आक्रसलेली आणि स्वतःच्याच रसात तरंगताना दिसतील. तळाशी न विरघळलेल्या साखरेचा थर असेल, तो हलक्या हाताने ढवळून घ्यावा. साखरेने फळातील पाणी ओढून घेतलेले असते व थोडी साखर आत शिरलेली असते, म्हणूनच असे फळ उकळीत सहसा फुटत नाही.

आता फळे निथळून बाजूला काढावीत आणि केवळ रस, दोन लिंबांचा रस घालून, पसरट पातेल्यात उकळावा. लिंबू येथे चवीपुरते नाही; आम्लामुळे पेक्टिनचे धागे एकमेकांना धरू शकतात. साखर पूर्ण विरघळली आणि रस थोडा दाट झाला की फळे सोडावीत व मोठ्या आचेवर खळखळ उकळू द्यावे. फेस वर येईल, म्हणून पातेले एकतृतीयांशापेक्षा जास्त भरलेले नसावे. सुरुवातीचे बुडबुडे लहान व फेसाळ असतात. ते मोठे, जड होऊन सावकाश फुटू लागले की जवळ आले असे समजावे. समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश सेल्सियस ही जमण्याची खूण आहे. उंचावरील गावात पाणी ज्या तापमानाला उकळते त्यापेक्षा ४ ते ५ अंश अधिक धरावेत. तापमापक नसेल तर फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकलावा. वर सुरकुती पडली की झाले. ही परीक्षा चालू असताना पातेले आचेवरून उतरवावे, नाहीतर बशीकडे बघता बघता मुरंबा पुढे जातो.

मला स्वतःला मात्र वजनकाटा अधिक भरवशाचा वाटतो. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी टिपून ठेवावे. वरील प्रमाणात आतील ऐवज १३५० ते १४०० ग्रॅमवर आला की थांबावे.

प्रश्न : बरणीत फळे वर आणि नुसता रस खाली, असे का होते?

उत्तर : फळात हवा असते आणि पाक त्याहून जड असतो. आचेवरून उतरवल्यावर फेस काढून १० ते १५ मिनिटे थांबावे, एकदा हलकेच ढवळावे आणि मग भरावे. तोवर पाक दाट होऊन फळांना धरून ठेवतो.

प्रश्न : साखर आणखी कमी केली तर चालेल का? आणि वर बुरशी आल्यास तेवढाच थर काढून उरलेला मुरंबा वापरावा का?

उत्तर : साखर कमी केल्यास तो पदार्थ टिकाऊ राहत नाही, फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावा. पूर्ण साखरेचा मुरंबा उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम बरणीत, काठापासून अर्धा सेंटिमीटरहून थोडी अधिक जागा सोडून भरावा, झाकण लावून बरणी १० मिनिटे उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावी, उंचावरील गावात याहून अधिक वेळ, आणि नंतर ती अंधाऱ्या जागी ठेवावी, कारण उजेडाने रंग विटतो. बुरशी दिसल्यास मात्र संपूर्ण बरणी टाकून द्यावी. वरून दिसणाऱ्या थराखालीही तिचे धागे आणि विषारी द्रव्ये पसरलेली असू शकतात.

प्रश्न : भरल्यावर संध्याकाळपर्यंत मुरंबा पातळच होता. पुन्हा उकळावा का?

उत्तर : घाई करू नये. पेक्टिनची पकड बसायला कधी कधी २४ ते ४८ तास लागतात. दोन दिवसांनीही तो वाहत असेल, तर आणखी एका लिंबाचा रस घालून, थोडा थोडा घेऊन, मोठ्या आचेवर काही मिनिटेच उकळावा आणि पुन्हा स्वच्छ, गरम बरण्यांत भरावा. एवढ्यानेही जमला नाही तर त्याला सरबताचा पाक म्हणावे. रंग आणि वास शाबूत असताना तिसऱ्यांदा उकळण्यापेक्षा ते बरे.