वरही निखारे, खालीही निखारे

चि. सई,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आजी म्हणते मैद्याचा केक आपला नव्हे. मग मराठी लोक भाजलेलं गोड काही करतच नव्हते का?" मी कामावर निघाले होते, धड सांगता आलं नाही. आज सवडीने लिहिते.

करत होते की, आणि आपल्याच घरात. पणजी लग्न होऊन कोकणातून बडोद्याला दांडिया बाजारात आली, ती धोंडस करायची. मोठं पिकलेलं तवसं, म्हणजे कोकणातली जाड काकडी, किसायचं, तांदळाचा रवा तुपावर परतून काकडीच्याच पाण्यात गुळाबरोबर शिजवायचा, वर ओलं खोबरं आणि वेलची. मग जाड बुडाच्या पातेल्यात हे सारण थापून झाकणावर पेटते निखारे ठेवायचे, खाली मंद आच. वरून-खालून सारखी धग लागली की कडा तांबूस होतात आणि वडी सुरीने कापता येते. ओव्हन तरी दुसरं काय करतो गं? ना मैदा, ना अंडं, ना सोडा.

आजीचा मैद्यावरचा राग मला पटतो. मैदा म्हणजे गव्हाचा नुसता पांढरा गर. कोंडा आणि अंकुर निघून जातात आणि त्यांच्याबरोबर चोथा, लोह, ब जीवनसत्त्वंही. इथे कॅनडात तर 'होल व्हीट' छापलेल्या पिठातूनही दाण्याचा 5 टक्क्यांपर्यंत भाग काढायची मुभा आहे. त्यात बहुतेक अंकुरच जातो, कारण त्यातल्या तेलाने पीठ लवकर खवट होतं. आजोबा गिरणीतून दळण थोडं थोडं आणतात ते त्यासाठीच. त्या ताज्या कणकेच्या वासाची मला इथे फार आठवण येते.

तुला नाचणीचा केक करायचाय ना? जरूर कर. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, गहू-तांदूळ त्याच्या जवळपासही नाहीत. पण सगळी नाचणीच घातलीस तर भुगा होईल. केकमधली हवा धरून ठेवणारं ग्लुटेन गव्हात असतं. नाचणी, ज्वारी, बाजरीत नसतं. म्हणून 2 वाट्या कणकेला 1 वाटी नाचणी घे. कोंडा पाणी सावकाश पितो, तेव्हा ताक जरा सढळ घाल आणि भिजवलेलं पीठ 20 मिनिटं झाकून ठेव. सोडा अगदी शेवटी, ओव्हन तापल्यावर. ताकाच्या आंबटपणाने तो लगेच फसफसतो, मग रेंगाळायचं नाही. गोडाला गूळ. तो घातला म्हणून दोन तुकडे जास्त खायचे असं मात्र नाही, शेवटी साखरच ती.

मसाल्याच्या बाबतीत आजीचंच ऐक. जायफळ आयत्या वेळी किसायचं, वेलची तेव्हाच सोलून कुटायची. आधी करून ठेवली की वास उडून जातो. थंडीत चिमूटभर सुंठ घाल, नाचणी-गुळाशी तिचं छान जमतं. दालचिनी मी घालत नाही, ती जायफळाला वर येऊ देत नाही.

आणि श्रावणात आजीकडून धोंडस शिकून घे. तवसं खंडेराव मार्केटात मिळतं का, ते आजोबांना बघायला सांग. नाही मिळालं तर मोठी जून काकडी चालते. फक्त किसण्याआधी चाखून बघ. एक जरी कडू निघाली, तरी सगळं पातेलं वाया जातं.

तुझी,
आई