नवीन माणसाला आधी काय शिकवावं?

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजच्या सामाजिक शास्त्रांच्या षण्मासिकाचं कार्यालय मी सांभाळते. आता दोन नवीन मुलं आली आहेत. दोघंही एम.ए. झालेली, संगणकात माझ्याहून तरबेज. प्राचार्य म्हणतात, एका दिवसाचं प्रशिक्षण द्या आणि कामाला लावा. एका दिवसात काय शिकवू?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : एका दिवसात एवढंच शिकवा, की कुठला निर्णय आपला नाही. लेख घ्यायचा की परत करायचा, हे संपादकांनी ठरवायचं. मंद मुलं विचारून विचारून जीव खातात, पण त्यांच्या हातून नुकसान होत नाही. हुशार मुलं न विचारता लेखकाला ‘आपला लेख बसत नाही’ असं कळवून मोकळी होतात.

सॉफ्टवेअरची काळजी करू नका. ओपन जर्नल सिस्टिम्स असो की नुसता मेल आणि एक्सेलचा तक्ता, ते त्यांना तुमच्याआधी येईल. माझ्याकडे नवीन कुणी आलं की मी छापून झालेल्या एका लेखाची अख्खी फाइल पुढ्यात ठेवायचे, परीक्षकांची, म्हणजे लेख तपासून मत देणाऱ्या अभ्यासकांची, नावं झाकून. पहिला मेल, परीक्षकांचे दोन अहवाल (एक सभ्य, एक चिडका), लेखकाचं उत्तर, प्रुफं, सगळं. संध्याकाळी विचारायचं, हा लेख कुठे अडकला होता? बहुतेक जण लेखकाचं नाव घेतात. मग तारखा ओळीने लिहायला लावायच्या. बऱ्याचदा निघतं असं, की अहवाल येऊन पडले होते आणि आपणच ते पुढे पाठवले नव्हते.

दुसरी शिकवण साम्य-अहवालाची, म्हणजे लेखातला किती मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी जुळतो हे सॉफ्टवेअर दाखवतं त्याची. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, त्यावर ४०, ६० अशा पायऱ्या आहेत. नवीन मुलांना हा आकडा दिसला की न्यायाधीश झाल्यासारखं वाटतं. बडोदा संस्थानातल्या सक्तीच्या शिक्षणावर लेख आहे असं समजा. १८९३चा अमरेलीतला प्रयोग, १९०६ला सगळ्या संस्थानात सक्ती, आणि मूळ हुकमाचे लांब उतारे अवतरणात. अहवाल २३ टक्के दाखवेल, आणि त्यात चोरी काहीच नसेल. नियमांतच योग्य संदर्भ दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची वगळायला सांगितलं आहे. उलट एखाद्या लेखात जेमतेम ६ टक्के साम्य असतं, पण ते सगळं निष्कर्षाच्या दोन परिच्छेदांत. तो लेख थेट संपादकांच्या टेबलावर. म्हणून मुलांना टक्के सांगायला लावू नका, साम्य कुठल्या पानावर, कुठल्या भागात आहे ते लिहून आणायला सांगा.

आता गुप्तता. आपलं गाव मोठं झालं, पण अभ्यासकांचं वर्तुळ अजून वाड्याएवढंच आहे. दांडिया बाजारात भाजी घेताना लेखक गाठतात आणि ‘आमचा लेख कुणाकडे दिलाय हो?’ म्हणून लाडीगोडी लावतात. मुलांच्या तोंडी एकच वाक्य बसवा: ‘सर, लेख परीक्षणात आहे, काही कळलं की कार्यालयातून मेल येईल.’ यापुढे एक अक्षर नाही, काकांना नाही, गाइडना तर मुळीच नाही. शिवाय परीक्षकालाही लेखक कोण ते कळता कामा नये, आणि त्यासाठी लेखकाचं नाव नुसतं पहिल्या पानावरून काढून भागत नाही. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत ते राहतं, समासातल्या शेऱ्यांत राहतं, ऋणनिर्देशात राहतं, आणि ‘आमच्या मागच्या लेखात दाखवल्याप्रमाणे’ या वाक्यात तर लेखक स्वतःच येऊन उभा राहतो.

लेखकाने सुचवलेल्या परीक्षकाचा मेल-पत्ता त्याच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळाशी ताडून घ्यायला लावा. मुलं म्हणतील, एवढा संशय कशाला? त्यांना सांगा, २०१४ साली सेज या प्रकाशनाने ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’मधले ६० लेख मागे घेतले, कारण खोटी खाती काढून परीक्षणं लिहिली गेली होती.

आणि प्राचार्यांना कळवा, एक अंक निघेपर्यंत ही मुलं तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर एकही मेल पाठवणार नाहीत. षण्मासिक आहे, तेव्हा सहा महिने. कुरकुरतील, कुरकुरू द्या.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. शुद्धलेखन पक्कं आहे. संशोधनपत्रिकेत काम मिळेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : मिळेल, पण तिथे ऱ्हस्व-दीर्घापेक्षा संदर्भसूचीत जास्त वेळ जातो. मजकुरात १९५४ आणि सूचीत १९४५, असले घोळ पकडायचा सराव करा. ऑर्किड क्रमांकात, म्हणजे संशोधकाच्या ओळखक्रमांकात, १६ स्थानं असतात आणि शेवटच्या जागी कधी ‘एक्स’ येतो. तो टंकदोष समजून खोडू नका. मानधन मात्र पानामागे ठरवा, अंकामागे नको. अंक फुगत जातात.