लेंगा त्यांचा त्यांना चढवू दे

पत्र: आक्का, मी खानापूर तालुक्यातली. मे महिन्यात, मिरगाच्या आधी कौलं परतायला म्हणून हे छपरावर चढले आणि वासा मोडून खाली आले. पाठीचा बारावा मणका मोडला. बेळगावात ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काही कळत नाही, पाय हलत नाहीत. ऑगस्टमध्ये घरी आणलं. तेव्हापासून आंघोळ, कपडे, ताट हातात देणं, सगळं मी करते. परवा स्वतःच लेंगा घालतो म्हणाले. पंचवीस मिनिटं झटत होते. बाहेर मळणीची माणसं खोळंबली होती, म्हणून मी आत जाऊन पटकन चढवून दिला. त्या दिवसापासून बोलत नाहीत, रात्री भिंतीकडे तोंड करून निजतात. सासूबाई म्हणतात, देवानं आधीच झोडपलंय, त्याला आणि कष्ट लावू नको. माझं काय चुकलं?

पोरी, घर, शेत आणि आजारपण तू एकटीनं ओढलंस. त्या सकाळी तुझी घाई झाली, ती कुणाचीही झाली असती. पण मालक का रुसले तेही मला दिसतंय. एकविसाव्या मिनिटाला एक पाय लेंग्यात गेला असेल, तेविसाव्याला दुसरा. उरला होता कमरेवर ओढून घेणं एवढाच भाग. तोच तू केलास.

छातीच्या मणक्यांतला बारावा हा शेवटचा. मार तिथं बसला, म्हणजे हात, खांदे, श्वास सगळं शाबूत. अशी माणसं शिकली की कपडे, आंघोळ, पलंगावरून व्हीलचेअरमध्ये जाणं, लघवीची नळी घालणं, सगळं एकट्यानं करतात. पण हे शिकावं लागतं आणि सुरुवातीला फार वेळ खातं. त्यांचं जे काम तू पटकन उरकतेस, ते त्यांचं शिकायचं राहून जातं.

लेंग्याचंच बघ. नाडी काढून इलास्टिक घाल आणि घेर सैल ठेव. मागं खिसा किंवा जाड शिवण नको, कारण बसल्यावर ती टोचते आणि त्यांना कळत नाही. पाठ भिंतीला टेकवून पलंगावर बसायचं, एक पाय हातानं उचलून दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, पाऊल लेंग्यात सारायचं, मग दुसरं. गुडघ्यापर्यंत आला की आडवं व्हायचं. डाव्या कुशीवर वळून उजवी बाजू वर ओढायची, उजव्या कुशीवर वळून डावी. पहिल्यांदा धाप लागेल. तू बाहेरच्या खोलीत थांब. हाक मारली तर जा, नाहीतर नको.

काही गोष्टींत मात्र अजिबात ढिलाई नको. माझ्या धाकट्या भावाला असाच मार बसला होता. त्या थंडीत त्याचे पाय गार लागले म्हणून मी रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी ठेवली. त्याला काहीच कळलं नाही. सकाळी टाचेवर लिंबाएवढा फोड. भरायला अडीच महिने लागले, आणि शिकलेलं निम्मं मागं पडलं. मला ते अजून विसरता येत नाही. म्हणून सांगते, आंघोळीचं पाणी आधी कोपरानं बघायचं, आणि शेक द्यायचा नाही. निजल्यावर दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा पुढं वाकायचं. माकडहाड, बूड आणि टाचा रोज बघायच्या. लाल डाग दाबूनही तसाच राहिला तर त्या जागेवर भार नको, आणि डॉक्टरांना दाखवायचं. हे बघायचं काम सासूबाईंना दे. आई आहेत त्या, त्यांनाही मुलासाठी काहीतरी करायचं आहे. ताट हातात देण्यापेक्षा हे कितीतरी मोठं काम आहे.

लघवीची नळी दर चार ते सहा तासांनी, साबणानं हात धुऊन, त्यांनी स्वतः घालायला शिकायची. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी गढूळ, उग्र वासाची झाली तर थांबायचं नाही, दवाखाना. शौचाला रोज एकच वेळ, सकाळच्या चहानंतर. खुर्चीत घेताना काखेत हात घालून उचलत असशील तर आजच थांबव. त्यांचा खांदा जाईल आणि तुझी कंबर. फिजिओथेरपिस्टकडून ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे पलंगावरून खुर्चीत सरकायची गुळगुळीत फळी, वापरायला शिका, तोवर दोघांनी मिळून उचला. आधी खुर्चीचे ब्रेक लाव.

जोत्याला उतार करायचा असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धर. आपल्याकडच्या पावसात लाल माती निसरडी होते, चिरे बसवून घे.

अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसशील तर काढ. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के आणि त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी बऱ्याच सवलती आहेत, आणि हे कार्ड देशभर चालतं, उद्या मिरज-कोल्हापूरला जावं लागलं तरी. ग्रामपंचायतीत पुनर्वसन कार्यकर्ता कोण ते विचार. कागद कन्नडमध्ये असतील, तर शाळेतल्या एखाद्या पोराला सोबत घे. त्यात कमीपणा काही नाही.

आता रात्रीचं. दिवसभर अंग पुसणारे हात रात्री बायकोचे वाटेनासे होतात. त्यांनाही, तुलाही. म्हणून जितकं ते स्वतः करतील तितकं तुमच्या दोघांसाठी बरं. शरीरसंबंध संपले असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. ते वेगळे होतात, त्यावर उपचारही आहेत. लाज बाजूला ठेवून दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारा. आणि काही होवो न होवो, जवळ बसायला, हात हातात धरायला कुणाची परवानगी लागत नाही.

सुगी चालू आहे. खुर्ची खळ्याच्या कडेला ने. पोती किती झाली, कुणाचं किती देणं, हा हिशेब त्यांच्या हातात दे. गेल्या सुगीपर्यंत तोच सांभाळत होते ना ते?

आज रात्री ते भिंतीकडे तोंड करून असले तरी सांग, ‘परवा माझी घाई झाली. उद्या मी बाहेर थांबते, माणसं खोळंबली तर खोळंबू देत.’

तुझी,
आक्का