भिंतीवरची चित्रं टिपताय? आधी सही शोधा

मुंबईत वांद्र्याच्या चॅपल रोडवरच्या अनारकलीच्या भित्तिचित्राचा तुम्ही टाकलेला फोटो मस्त आलाय! फक्त चित्रकाराचं नाव राहिलं. ते चित्र रणजित दहिया यांचं, भिंतींवर हिंदी सिनेमा रंगवणारे चित्रकार. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो. सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते, कधी पाइपामागे, कधी उभ्या स्कूटरच्या आड. वाकून बघा, तिचा वेगळा फोटो घ्या.

बाकी सध्या एवढंच:
- आजूबाजूची गल्ली, दारं, माणसंही येऊ द्या. चित्राचा आकार त्यावरूनच कळतो.
- ठिकाण आणि तारीख लिहाच. वांद्र्यातल्या भिंती कधी पुसल्या जातील, नेम नाही.
- फिल्टर नको.

एका दमात वीस फोटो टाकू नका. एकच टाका, पण त्यात काय भावलं ते दोन ओळींत सांगा. कॅमेऱ्याचं नंतर बघू, मोबाइल पुरे.