चिखलात संपणारे ब्रेकपॅड

प्रश्न : जांबोटी-कणकुंबीकडं भर पावसात एमटीबीचा (डोंगरवाटांच्या सायकलीचा) सराव करतो. नवे ब्रेकपॅड दोन दिवसांत संपले. अनेक दिवस चालणाऱ्या टप्प्यांच्या शर्यतीत काय करू? – एक वाचक, खानापूर

उत्तर : तांबड्या मातीचा चिखल म्हणजे पॉलिश पेपरच, रेझिन, म्हणजे राळेचे मऊ पॅड त्यात टिकत नाहीत. सिंटर्ड, म्हणजे मेटलचे पॅड घाला. ओरडतात फार, ओरडू देत. मात्र डिस्कवर (पॅड जिला आवळतात त्या चाकाच्या चकतीवर) ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलेलं असेल तर डिस्कही बदलावी लागेल. नवे पॅड कोरड्या रस्त्यावर वीसेक वेळा, चाक जाम न करता, ब्रेक दाबून बसवून घ्या. रोज संध्याकाळी चाक काढून बघा : पॅडचा थर 1 मिमीच्या खाली गेला की त्याच रात्री बदला. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात. चेनला वेट ल्यूबच, म्हणजे पावसात सहज धुऊन न जाणारं तेल.