वाचलेले आठवत का नाही?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. इतिहासाचा धडा ती तीन-चार वेळा वाचते, ओळींखाली रंगीत खुणा करते आणि ‘झाला पाठ’ म्हणून पुस्तक मिटते. मीही लगेच दोन-तीन प्रश्न विचारते, तेव्हा उत्तरे येतात. आठवड्याने चाचणीत मात्र निम्मेही लिहिता येत नाही. तिची स्मरणशक्ती कमी आहे का?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण लिहिले आहे त्यावरून दोष स्मरणशक्तीचा नसून अभ्यासाच्या रीतीचा दिसतो. ओळख पटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. महाद्वार रोडच्या गर्दीत एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. पुन्हा पुन्हा वाचलेल्या धड्याचेही तसेच होते. चौथ्या वाचनात प्रत्येक ओळ परिचयाची वाटते आणि या परिचयालाच विद्यार्थी ‘पाठ झाले’ असे समजतो, परंतु कोऱ्या उत्तरपत्रिकेवर ओळखण्यासारखे काहीच नसते.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हा फरक मोजून दाखवला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर दुसरा एकदाच वाचून, बाजूला ठेवून, त्यातले आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र त्यातला सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढलेल्या उताऱ्यातला ५६ टक्के. आपण लगेच विचारता तेव्हा उत्तरे का येतात, हे यावरून लक्षात येईल.

तेव्हा धडा एकदा समजून वाचल्यावर पुस्तक मिटायला सांगावे. राजर्षी शाहू महाराजांवरचा पाठ असेल, तर १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा कोणासाठी राखल्या, त्याची गरज का भासली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षणाविषयी काय ठरले, हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि मगच पुस्तकाशी ताडून पाहावे. ताडून पाहणे टाळले, तर चुकीचे उत्तरही तितकेच पक्के होऊ शकते. सुरुवातीला तिला ही रीत कष्टाची वाटेल आणि आपले काहीच होत नाही असा समजही होईल. तेवढ्यावरून ती सोडू नये.

उजळणी एका बैठकीत न उरकता दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, पुढे पंधरवड्याने करावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवले की विस्मरण पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने होते आणि नंतर मंदावते. विस्मरणाचा हा वेग दाखवणारा त्यांचा आलेख शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत पालकांना घाबरवण्यासाठी सर्रास वापरला जातो. त्यांनी पाठ केले होते ते निरर्थक अक्षरगट, हे मात्र कोणी सांगत नाही. अर्थ कळलेला धडा इतक्या झपाट्याने पुसला जात नाही.

प्रश्न : माणसाच्या लक्षात एका वेळी सातच गोष्टी राहतात, हे खरे का? मग स्पर्धा परीक्षेच्या लांबलचक याद्या कशा पाठ कराव्यात?
— एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : सात हा आकडा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखामुळे प्रसिद्ध झाला, पुढील संशोधनाने तो चारच्या आसपास आणला. ही मर्यादा क्षणभर मनात धरून ठेवण्याची आहे, कायमच्या साठ्याची नव्हे. शिवाय मोजायचे ते गट, सुटे घटक नव्हेत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे बारा तालुके ओळीने घोकण्याऐवजी नकाशा समोर घ्यावा : पूर्वेला हातकणंगले आणि शिरोळ, पश्चिमेच्या डोंगराळ बाजूला शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, दक्षिणेकडे भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड, आणि मध्यभागी करवीर, त्याला लागून कागल. बारा नावांचे चार गट झाले. आता नकाशा झाकून ते लिहून पाहावेत.